पान उलटण्यापुरती उसंत

गोव्यात सूर कागदावर वाचण्याची सवय पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांनी लावली. तिथल्या सोल्फेजच्या, म्हणजे स्वरांची नावे घेत सूर वाचून गाण्याच्या शिक्षणावर तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले, आणि सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक वाद्यवृंदासाठी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी लिहू लागले. स्वरलेखनात नुसते स्वर बरोबर असून भागत नाही. व्हायोलिनवादकाला पान उलटायला हात मोकळा हवा असतो, म्हणून पानाचा शेवट शक्यतो विरामापाशी आणावा लागतो. हा विचार आता लिलीपाँडसारखे स्वरलिपी छापणारे सॉफ्टवेअर करते आणि त्याला लागणारा वेळ आवृत्तीगणिक बदलतो; नवी आवृत्ती कुणाला वेगवान वाटते, कुणाला संथ.

वेळ लागतो तो प्रामुख्याने मांडणीला, म्हणजे ओळी आणि पाने कुठे तोडायची हे ठरवायला. शंभर बारांच्या, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या शंभर तालखंडांच्या रचनेत ओळ तोडता येईल अशा ९९ जागा असतात आणि प्रत्येक ठिकाणी तोडायचे की नाही एवढाच प्रश्न धरला, तरी एकूण पर्याय २ चा ९९ वा घात, म्हणजे तीस आकडी संख्या होते. हे सारे पर्याय तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून प्रत्येक बारपर्यंतची सर्वोत्तम मांडणी लक्षात ठेवून तिच्यावर पुढची उभारली जाते. या युक्तीने तपासायच्या ओळी जास्तीत जास्त ५०५० उरतात. पान उलटण्याची सोयही पाहायला सांगितली की काम पुन्हा वाढते.

मग नवी आवृत्ती जुनीपेक्षा संथ का असू शकते? लिलीपाँडचा गाभा सी प्लस प्लसमध्ये असला, तरी मांडणीचे बरेचसे नियम स्कीम या संगणकभाषेत आहेत आणि ती भाषा चालवण्याचे काम गाइल हा वेगळा प्रोग्रॅम करतो. गाइल २.० हे २०११ मध्ये आले. त्यात कोड आधी कंपाइल करून, म्हणजे यंत्राला सोप्या रूपात बदलून वेगाने चालवण्याची सोय होती, परंतु कंपाइल न केलेला कोड त्यात रेंगाळत असे, शिवाय नको झालेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणाही बदललेली होती. त्यामुळे लिलीपाँडने जुने गाइल १.८ दीर्घकाळ सोडले नाही. डिसेंबर २०२२ मधील २.२४ या आवृत्तीने गाइल २.२ स्वीकारले, तेव्हा आतला स्कीम कोड आधीच कंपाइल करून सोबत देण्यात आला. वापरकर्त्याने आपल्या फाइलमध्ये लिहिलेला स्कीम कोड मात्र सहसा कंपाइल न होताच चालतो. ज्याच्या फाइलमध्ये असा कोड भरपूर आहे, त्याचा अनुभव साध्या भजनाची सुरावट छापणाऱ्यापेक्षा वेगळा येतो, आणि दोघेही खरेच सांगत असतात.

म्हणून तुलना करताना घाई नको. आवृत्ती नव्याने बसवल्यावर पहिल्या खेपेस फॉन्टची यादी तयार होण्यात वेळ जातो, तेव्हा ती खेप मोजू नये. मे महिन्यात पणजीच्या उकाड्यात तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी येतो, म्हणून दोन्ही आवृत्त्या आलटूनपालटून अनेकदा चालवून मधली वेळ घ्यावी. शेवटी दोन्ही छापील प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण नव्या आवृत्तीने ओळी निराळ्या तोडल्या असतील, तर आपण एकाच कामाचे दोन वेग मोजलेले नसतात, आणि पानाच्या टोकाला आणलेला तो विराम कदाचित आता पानाच्या मध्यावर गेलेला असतो.