पादक्षालन, ख्रिस्ती

पादक्षालन, ख्रिस्ती : क्रूसावरील मरणापूर्वीच्या अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्या कृतीच्या स्मरणार्थ ख्रिस्ती मंडळ्यांत होणारा विधी. बोलण्यात ‘पाय धुण्याचा विधी’. लीनता आणि एकमेकांची काळजी या दोन शिकवणींचा तो मुख्य दृश्य आधार आहे.

हा वृत्तांत फक्त योहानकृत शुभवर्तमानात (१३:१–१७) येतो. त्या ग्रंथाचा काळ साधारणतः इ. स. ९० ते १०० च्या दरम्यान धरतात. मत्तय, मार्क व लूक यांच्यात भोजन आहे, पादक्षालन नाही. मात्र लूकमध्ये त्याच भोजनाच्या वेळी ‘आपल्यात मोठा कोण’ असा शिष्यांचा वाद होतो आणि आपण सेवा करणाऱ्यासारखे आहोत, असे येशू सांगतो. या वचनातूनच पुढे योहानातील कथा आकाराला आली, असे काही अभ्यासकांना वाटते. पण वरचे वस्त्र उतरवणे, कमरेला रुमाल बांधणे, भांड्यात पाणी ओतणे हे योहानातील बारकावे पाहता ती स्वतंत्र परंपरा असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाय धुणे हे तेव्हा दासाचे काम होते. हिब्रू दासाला तेही सांगू नये, असा निर्देश नंतरच्या यहुदी भाष्यपरंपरेत आढळतो.

खरा पेच दहाव्या वचनात आहे. पेत्र हा शिष्य आधी येशूला आपले पाय धुऊ देत नाही. मग हात आणि डोकेही धुवा म्हणतो. त्यावर, ज्याचे स्नान झाले आहे त्याला पायांखेरीज काही धुण्याची गरज नाही, असे उत्तर बहुतेक हस्तलिखितांत आहे. बायबलच्या चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात मात्र ‘पायांखेरीज’ हे शब्द नाहीत. मूळ ग्रीकमध्ये पूर्ण स्नानासाठी एक क्रियापद आहे आणि हातपाय धुण्यासाठी दुसरे, त्यामुळे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. हे शब्द नसलेला लहान पाठ मूळ मानला, तर पादक्षालन हेच पूर्ण स्नान ठरते आणि कथा येशूच्या मरणाचे प्रतीक बनते. ते शब्द असलेला मोठा पाठ घेतला, तर बाप्तिस्मा झालेल्यालाही रोजच्या वाटेवरची धूळ पुन्हा पुन्हा धुवावी लागते, असा अर्थ निघतो. पुढील वचनांत (१२–१७) स्वतः येशूच या कृतीचा अर्थ उदाहरण म्हणून सांगतो. म्हणून या प्रसंगात दोन थर आहेत, असे मत मांडले गेले. दोन्ही अर्थ एकत्र ठेवणारे वाचन अधिक समाधानकारक आहे, कारण चौदाव्या वचनात ‘एकमेकांचे’ पाय धुण्याची आज्ञा आहे. त्यात धुणारा आणि धुवून घेणारा असे कायमचे दोन पक्ष उरत नाहीत. दुसऱ्याची काळजी घेणे जितके अवघड, तितकेच ती स्वीकारणेही; पेत्राचा नकार नेमका तिथला आहे.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१०) पवित्र जनांचे पाय धुणे हे विधवेच्या सत्कर्मांत मोजले आहे. तिथे विधीपेक्षा आतिथ्यच अभिप्रेत असावे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विराच्या परिषदेने बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे पाय धर्मगुरूंनी धुऊ नयेत, असे ठरवले. मिलानमध्ये मात्र ती प्रथा होती आणि बिशप अँब्रोज (मृत्यू ३९७) यांनी, रोममध्ये ती नाही हे मान्य करूनही, तिचे समर्थन केले. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमांत पाहुण्यांचे, तसेच आठवड्याचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या बंधूंनी सर्वांचे पाय धुण्याची तरतूद आहे. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पादक्षालन करणे स्पेनमधील तोलेदोच्या ६९४ च्या परिषदेने बंधनकारक केले. कॅथलिक विधींच्या १९५५ च्या सुधारणेने ते त्या दिवशीच्या सायंकाळच्या मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) आणले. २०१६ पासून कॅथलिक विधीत पाय धुण्यासाठी स्त्रियांचीही निवड करता येते.

प्रोटेस्टंट पंथांत एकवाक्यता नाही; नागपूरच्या परिसरातही तेच दिसते. नागपुरातील जुने मिशन स्कॉटिश होते : स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० च्या दशकात ते सुरू केले. त्या प्रेसबिटेरियन परंपरेत पादक्षालनाला नियमित विधीचे स्थान नाही. लीनतेचा भर शाळा, दवाखाना आणि प्रभुभोजन यांवर राहिला. मेनोनाइट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने हा विधी आवर्जून जपला. त्यांचे १८९९ मध्ये सुरू झालेले धमतरी येथील मिशन तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रदेशात होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट मंडळीची स्थापना झाली. तीत सामील झालेल्या सहा मंडळ्यांपैकी ब्रेदरन मंडळीच्या ‘प्रेमभोजना’त आधी पाय धुणे, मग जेवण, मग भाकर व प्याला असा क्रम होता. सहा परंपरांच्या या मीलनातच लीनतेची खरी कसोटी होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना १८८७ ची. १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. इथे पवित्र गुरुवार मार्चअखेर किंवा एप्रिलात, ऐन उन्हात येतो. दिवसभर चपलांत तापलेली, धुळीने माखलेली, टाचांना भेगा पडलेली पावले संध्याकाळी वेदीपुढे येतात. फादर वरचे झगेवजा वस्त्र काढतात, कमरेला पंचा बांधतात, एकेकापुढे गुडघे टेकून तांब्याने पाणी ओततात, पाय पुसतात. म्हातारी माणसे पाय पुढे करताना हमखास अवघडतात. ‘राहू द्या, फादर’ हे ओठांवर येतेच.

या अवघडण्याला मराठी कारणही आहे. लग्नात वधूचे आईवडील जावयाचे पाय धुतात, शिष्य गुरूचे धुतो. पाणी नेहमी मानाच्या पायांवर पडते. उन्हातून आलेल्याला दारात पाय धुवायला पाणी देणे ही विदर्भातल्या घराघरांतली रीत, पण पाय ज्याचे त्याने धुवायचे. जिथे पायांना कोणी शिवायचे आणि कोणी नाही हे जातीने ठरत आले, तिथे धर्मगुरूने कष्टकऱ्याचा पाय हातात घेणे ही साधी गोष्ट नव्हे. मराठी बायबलात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील (२:३) ग्रीक शब्दासाठी ‘लीनता’ हा शब्द आहे. वारकऱ्यांच्या कानांना तो ओळखीचा आहे. संतवाणीतली लीनता मात्र बहुधा देवापुढची आणि संतांपुढची. पौलाच्या वाक्यात ती शेजाऱ्यापुढची आहे, आणि पुढच्याच वचनात प्रत्येकाने दुसऱ्याचेही हित पाहावे, असे तो सांगतो.