खानदेश–इस्रायल व्यापार व गुंतवणूक संबंध

खानदेश–इस्रायल व्यापार व गुंतवणूक संबंध : महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा प्रदेश आणि भूमध्य समुद्राकाठचा इस्रायल यांच्यात प्रामुख्याने ठिबक सिंचन, केळीची रोपे आणि सिंचन-साहित्याचे कारखाने यांतून जुळलेले आर्थिक नाते. दोन देशांमधील व्यापार बहुधा राजधान्यांत ठरतो, बंदरांत वाढतो आणि खेड्यांना त्याची खबर सर्वांत शेवटी लागते. इथे क्रम जरा उलटा दिसतो. सरकारी करारमदार चालूच होते, पण या नात्याचा खरा भार वाहिला तो सोळा मिलिमीटर व्यासाच्या काळ्या प्लॅस्टिकच्या नळीने.

पूर्वपीठिका : दूरदेशाशी व्यवहार खानदेशाला नवा नाही. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जाई आणि इंग्रजांनी १६७४ मध्ये धरणगावी वखार घातली होती. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला, तेव्हा खानदेशी कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईकडून भुसावळपर्यंत लोहमार्ग आला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्या व्यवहारात खानदेशातून कच्चा माल जात होता आणि तयार कापड परत येत होते. भाव लिव्हरपूलला ठरे आणि नफा तिकडेच राही. इस्रायलशी जुळलेल्या नात्याचे वेगळेपण समजायचे तर हा जुना एकमार्गी व्यवहार डोळ्यांपुढे हवा.

राजनैतिक चौकट : भारताने इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध मात्र २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. मधल्या चार दशकांत इस्रायलची भारतातील उपस्थिती मुंबईच्या वाणिज्य दूतावासापुरतीच होती. १९९२ मध्ये दोन्ही देशांतील व्यापार सुमारे २० कोटी डॉलरचा होता आणि त्यात मुख्यतः हिरेच होते. २०२२–२३ मध्ये तो संरक्षण-सामग्री वगळून १०.७७ अब्ज डॉलरवर गेला; पुढच्याच वर्षी ६.५३ अब्जांवर घसरला. हिऱ्यांचा बाजार, युद्ध आणि तांबड्या समुद्रातील जहाजांवरचे हल्ले अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. गुंतवणुकीला संरक्षण देणारा पहिला द्विपक्षीय करार १९९६ मध्ये झाला होता, तो २०१७ मध्ये संपुष्टात आला. नव्या करारावर सप्टेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत सह्या झाल्या. मुक्त व्यापार कराराच्या बोलणीची कार्यकक्षा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठरली.

अशा करारांचे काम थोडक्यात असे : एका देशातल्या माणसाने दुसऱ्या देशात पैसा घातला, तर तिथले सरकार तो मोबदल्याविना ताब्यात घेणार नाही, नफा मायदेशी नेऊ देईल आणि तंटा झालाच तर लवादाकडे जाण्याची वाट मोकळी राहील. सातासमुद्रापार कारखाना घेणाऱ्याला एवढी हमी लागतेच. पण करार गिऱ्हाईक मिळवून देत नाही.

ठिबकच का : इस्रायलमधील अभियंते सिम्खा ब्लास यांनी थेंबाथेंबाने पाणी देण्याची पद्धत व्यवहारात आणली आणि नेगेव वाळवंटातील हात्झेरिम या किबुत्झने (सामूहिक शेतवस्तीने) १९६५ मध्ये त्यावर ‘नेताफिम’ ही कंपनी उभारली. त्या भागात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. जळगावला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. मग इथे ठिबकाची गरज का भासावी? कारण इथला पाऊस चार महिन्यांत उरकतो, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, आणि रावेर–यावल पट्ट्यातले मुख्य पीक आहे केळी. केळीला बारा महिने ओलावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याचा हा गाळाचा पट्टा एके काळी विहिरीच्या पाण्यावर निर्धास्त होता. पुढे विहिरी कोरड्या पडल्या, कूपनलिका खोल खोल गेल्या आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदीत हे दोन्ही तालुके अतिशोषित ठरले.

पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी सुमारे १,७४० झाडे बसतात. उन्हाळ्यात झाडामागे दिवसाला वीस लिटर धरले, तरी एकराला रोज पस्तीस हजार लिटर पाणी हवे. सरीतून मोकाट पाणी सोडायचे तर याच्या कितीतरी पट उपसावे लागते, आणि वीज रात्री आली तर शेतकऱ्याने रात्रभर दारे धरत, म्हणजे एकेका सरीकडे पाणी वळवत, बसायचे. ठिबकाने पाणी वाचते हे जाहिरातीत सांगतात. शेतकऱ्याला आधी पटले ते हे की रात्रीचे दारे धरणे सुटते.

जळगावची कंपनी : जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीने जळगावात धंदा सुरू केला, भांडवल सात हजार रुपये होते. पुढे ट्रॅक्टर, खते, बियाणे यांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना घेऊन त्यांनी तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) बनवायला घेतले. कच्च्या पपईला चिरा देऊन गळणारा चीक खानदेशातल्या शेतकऱ्यांकडून यायचा आणि शुद्ध केलेले पपेन परदेशी जायचे. निर्यातीच्या व्यवहाराची तालीम या धंद्याला इथेच मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. १९८०च्या सुमारास पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक संच आले.

ठिबक विकणे आणि रुजवणे यांत मोठे अंतर आहे. इस्रायली किबुत्झाकडे शेकडो एकरांचा सलग तुकडा, स्वतःचे तंत्रज्ञ आणि दाबाने येणारे पाणी असते. खानदेशात दोन-पाच एकरांचा धनी, भाऊबंदकीत वाटलेली विहीर आणि भारनियमन. पाण्यातील क्षारांनी ड्रिपर (नळीतून थेंब सोडणारी तोंडे) चोंदतात, मग आम्लप्रक्रिया करावी लागते. वाळूची गाळणी धुतली नाही तर दाब पडतो. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात, रानडुकरे तुडवतात. विद्राव्य खत व्हेंच्युरीतून (खत पाण्यात ओढून घेणाऱ्या नळीतून) किती वेळ सोडायचे, शेवटच्या टोकाचे झाकण उघडून नळी कधी धुवायची, हे कुणीतरी बांधावर उभे राहून दाखवावे लागते. तालुक्या-तालुक्यातले विक्रेते, प्रात्यक्षिकांची शेते आणि सरकारी अनुदान ही तिन्ही साधने मिळून हे काम झाले. (अनुदान महाराष्ट्रात अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्क्यांपर्यंत, इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत आहे, मात्र ते खात्यावर येईपर्यंत पैसे शेतकऱ्यानेच गुंतवून ठेवायचे, हा बांधावरचा नेहमीचा विषय.) मूळ कल्पना इस्रायलची, पण लहान खातेदाराच्या शेतात तिला बसवण्याची विद्या इथे तयार झाली. पुढे व्यवहार फिरला तो या विद्येच्या जोरावर.

उलटी गुंतवणूक : २००६ मध्ये भवरलाल जैन यांच्या या कंपनीने, जैन इरिगेशनने, अमेरिकेतील चॅपिन वॉटरमॅटिक्स ही ठिबक पट्टी बनवणारी कंपनी घेतली. त्यानंतर २००७ मध्ये इस्रायलच्या ‘नानदान’ या कंपनीत ५० टक्के हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये उरलेलाही. नानदान म्हणजे रेहोवोतजवळचा नान आणि उत्तरेकडचा दान या दोन किबुत्झांच्या सिंचन-उद्योगांचा २००१ मधला संयोग. कंपनीचे नाव ‘नानदानजैन’ झाले. समाजवादी विचाराच्या सामूहिक वस्तीने उभारलेल्या कारखान्याच्या पाटीवर खानदेशातल्या एका मारवाडी जैन घराण्याचे आडनाव लागले, हे जागतिक व्यापाराच्या इतिहासातील एक मजेशीर टिपण आहे.

या खरेदीतून काय साधले? जळगावला दाबनियंत्रक ड्रिपर आणि तुषार संचांचे तंत्र, तसेच युरोप व लॅटिन अमेरिकेतील तयार बाजार मिळाला. किबुत्झांना भांडवल आणि भारतासारखी प्रचंड बाजारपेठ मिळाली. पण परदेशी खरेदी कर्जाच्या पैशावर होते आणि सिंचनाचा धंदा उधारीचा असतो. अनुदानाचे येणे महिनोन्‌महिने अडकते, व्याज मात्र रोज चढते. कंपनीवर कर्जाचा बोजा वाढला आणि २०२२ मध्ये तिच्या देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली. त्याच वर्षी जूनमध्ये, नानदानजैनसह परदेशातला सिंचन व्यवसाय इस्रायली कंपनी ‘रिव्हुलिस’मध्ये विलीन करण्याचे ठरले, मार्च २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला. विलीन कंपनीत सिंगापूरच्या तेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीकडे ७८ टक्के आणि जैन इरिगेशनकडे २२ टक्के हिस्सा राहिला. भारतातला व्यवसाय जळगावकडेच आहे. याला माघार म्हणावे की मालकीची नवी वाटणी, यावर मतभेद होऊ शकतो. पूर्ण मालकी गेली, हे मात्र खरे. आणि मोठ्या कंपनीत छोटा भागीदार म्हणून जळगाव अजून त्या मेजावर आहे, हेही खरे.

ग्रँड नैन : नळीइतकाच परिणाम एका रोपाने केला. खानदेशात पूर्वी बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी या वाणांचे कंद लावत. कंदाबरोबर रोग-किडी येत, बाग मागेपुढे निसवे (घड बाहेर टाकी) आणि घड पंधरा-अठरा महिन्यांनी हाती येई. १९९०च्या दशकात इस्रायलहून आलेल्या ग्रँड नैन वाणाची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपे खानदेशात रुजली. सगळी बाग एकसारखी वाढते, अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते आणि फण्या लांब, सारख्या भरतात. निर्यातीच्या खोक्यात बसवायला असेच केळे लागते. मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे जुने हंगाम टिकले, पण बागेचे हिशेब पार बदलले.

गंमत अशी की हे केळे इस्रायलला जात नाही. तो देश समुद्रकाठी आणि गॅलिलीत स्वतःची केळी पिकवतो. खानदेशाचे गिऱ्हाईक आखातात आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. इस्रायलचे रोप, इस्रायलची नळी, खानदेशची माती आणि अरब गिऱ्हाईक असा हा त्रिकोण आहे. दोन देशांच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही. देशांतर्गत भाव मात्र आजही रावेर बाजार समिती आणि बऱ्हाणपूरच्या बोलीकडे डोळे लावून ठरतो.

मर्यादा : ठिबकाने रावेर–यावलचे भूजल वाचले का? शेतापुरते पाहिले तर होय, पट्ट्याचे पाहिले तर नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली, उपसा तसाच राहिला. इस्रायलमध्ये पाणी सरकारी मालकीचे असून मोजून, कोट्याने मिळते. १९५९च्या जलकायद्याने तसे ठरवले आहे. खानदेशात विहिरीचे पाणी जमीनमालकाचेच समजले जाते. म्हणजे यंत्र आले, त्यामागची शिस्त आली नाही. आणि ती विकत घेता येण्यासारखी वस्तूही नव्हती.

सरकारी पातळीवरच्या भारत–इस्रायल कृषी प्रकल्पाखाली महाराष्ट्रात दापोली (हापूस), नागपूर (संत्रावर्गीय), राहुरी (डाळिंब) आणि औरंगाबाद (केसर आंबा) येथे गुणवत्ता केंद्रे निघाली. केळीच्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. खानदेशाने आपली वाट आधीच पाडली होती म्हणून गरज भासली नाही, असेही म्हणता येईल. पण केळीसाठी असे केंद्र असायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मार्ग : न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर अरबी समुद्र, बाब-एल-मांदेब, तांबडा समुद्र आणि सुएझ ओलांडून हैफा किंवा अश्दोदला पोचतो. २०२३च्या अखेरीपासून येमेनमधील हौथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. भाडे आणि दिवस दोन्ही वाढले. हैफा बंदराची मालकी जानेवारी २०२३ पासून अदानी समूह आणि इस्रायलची गदोत ही कंपनी यांच्याकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत–मध्यपूर्व–युरोप मार्गही याच बंदराकडे जातो. पुढच्याच महिन्यात गाझातले युद्ध पेटले.

भाषा : इस्रायलमध्ये मराठी बोलणारे लोक आहेत, पण ते बेने इस्रायली, त्यांची मुळे कोकणात, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याच्या गावांत, जिथे तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिमोना, लोद, बीरशेबा येथे ते वसले. खानदेशाशी इस्रायलची गाठ या भाषेच्या धाग्याने पडली नाही, प्लॅस्टिकच्या नळीने पडली. तरी खानदेशी बोलण्यात त्या देशाचे नाव येतेच : आंब्याची किंवा पेरूची झाडे दाट लावली, छाटून बुटकी ठेवली आणि खाली ठिबक अंथरले, की शेजारी विचारतो, ‘इस्रायल पद्धतीनं लावली का?’ विचारणाऱ्याने तो देश नकाशावर कधी शोधलेला असतोच असे नाही.