टॅबलेटचा पोर्ट: आकार एक झाला, वेग का नाही?

२०२० सालचा चौथा आयपॅड एअर आणि २०२२ सालचा दहावा आयपॅड. दोन्हींत ॲपलची ए१४ चिप, दोन्हींना टाइप-सी पोर्ट. पहिल्यातून सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत डेटा जातो, दुसऱ्यातून जेमतेम ४८० मेगाबिट. दोन वर्षांनी आलेलं यंत्र केबलवरच्या वेगात दहापट मागे. २०२५ साली ए१६ चिपचा आयपॅड आला, त्यातही हा आकडा ४८० वरून हललेला नाही. हे एकट्या ॲपलचं आहे असंही नाही. सॅमसंगच्या स्वस्त टॅब ए मालिकेत टाइप-सी आहे, पण वेग यूएसबी २.० चा, म्हणजे तेच ४८० मेगाबिट, महागड्या टॅब एस मालिकेत त्याच आकाराच्या पोर्टातून ५ गिगाबिट मिळतात.

टॅबलेटच्या पोर्टवरून वाद होतात तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात: प्लग कुठला बसतो, आणि त्यातून डेटा किती वेगाने जातो. पहिल्या प्रश्नाचा निकाल लागायला साधारण पंधरा वर्षं गेली. दुसरा अजून तसाच लोंबकळतो आहे. हे असं का झालं, ते समजून घ्यायला टॅबलेटच्याही थोडं मागे जावं लागतं.

यूएसबी १९९६ साली आली तेव्हा तिचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांना तो पुरेसा. गाण्यांनी भरलेल्या हार्ड डिस्कला अजिबात नाही. म्हणूनच २००१ सालच्या पहिल्या आयपॉडला फायरवायर नावाचा, यूएसबीहून वेगळा ४०० मेगाबिटचा पोर्ट होता. यूएसबी २.० चं मानक २००० साली जाहीर झालं आणि ४८० मेगाबिट हा आकडा तेव्हा जन्माला आला. पंचवीस वर्षांनंतरही नव्याकोऱ्या टॅबलेटमध्ये तो दिसतो, यातच सगळं आलं. २००३ साली ॲपलने आयपॉडला ३० पिनांचा डॉक कनेक्टर दिला. त्यात यूएसबी होती, फायरवायर होती, आवाजासाठी वेगळ्या पिना होत्या. २०१० साली पहिला आयपॅड आला तो हाच कनेक्टर घेऊन, आणि डेटाचा वेग अर्थातच यूएसबी २.० चा.

सॅमसंगनेही त्याच वर्षी गॅलेक्सी टॅब आणला तो स्वतःचा ३० पिनांचा कनेक्टर घेऊन. दिसायला ॲपलच्या कनेक्टरसारखाच, पण एकाची केबल दुसऱ्याला लागत नव्हती. आसूसच्या २०११ सालच्या ट्रान्सफॉर्मरला तर ४० पिना होत्या. ‘सरळ मायक्रो-यूएसबी का देत नाही?’ हा सवाल तेव्हापासूनचा. मायक्रो-यूएसबीचं मानक २००७ साली आलं होतं आणि २००९ साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोबाइल कंपन्यांनी ते चार्जिंगसाठी स्वीकारायचं मान्यही केलं होतं. टॅबलेट मात्र त्या समझोत्यात नव्हते.

कंपन्यांना आपापल्या केबली विकायच्या होत्या हे खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबणं मला अपुरं वाटतं. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टातून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळत. पहिल्या आयपॅडचा चार्जर १० वॅटचा होता. मोठा पडदा आणि मोठी बॅटरी असलेल्या यंत्राला तेव्हाच्या पोर्टातून पुरेशी वीज मिळणं अवघड होतं. मोटोरोलाच्या झूमवर ही ओढाताण उघड दिसायची: डेटासाठी मायक्रो-यूएसबी, आणि चार्जिंगसाठी शेजारी वेगळं गोल भोक. टॅबलेटच्या पोर्टचं भवितव्य सुरुवातीपासूनच विजेने ठरवलं, डेटाने नाही. पुढची सगळी गोष्ट याच दिशेने गेली.

२०११ साली आणखी दोन बदल झाले, ज्यांनी केबलवरच्या वेगाची निकड कमी केली. झूमसोबत खास टॅबलेटसाठी बनवलेलं अँड्रॉइड ३.० आलं आणि त्यात कॉम्प्युटरला जोडल्यावर टॅबलेट पेन ड्राइव्हसारखा दिसण्याची जुनी सोय गेली. तिच्या जागी एमटीपी नावाची पद्धत आली. कारण रास्त होतं: जुन्या पद्धतीत साठवणुकीचा ताबा कॉम्प्युटरकडे जायचा आणि तेवढा वेळ टॅबलेटला स्वतःच्याच फाइली दिसायच्या नाहीत. एमटीपीमध्ये दोघांनाही फाइली दिसतात. पण प्रत्येक फाइलसाठी मागणी आणि उत्तर अशी देवाणघेवाण चालते. हजारो लहान फोटो उतरवायला घ्या, वेळ केबलवर कमी आणि या विचारपुशीत जास्त जातो. दुसरा बदल ॲपलकडचा. पहिल्या आयपॅडला सुरू करण्यासाठीसुद्धा कॉम्प्युटरला जोडावं लागे. आयओएस ५ ने ती अट काढली आणि आयक्लाउडवर बॅकअप घेण्याची सोय दिली. बहुसंख्य लोकांसाठी केबल तिथेच चार्जिंगची वायर होऊन बसली. ज्यांना केबलवरून मोठा डेटा हलवायचाच होता, म्हणजे छायाचित्रकार, व्हिडिओवाले, ध्वनिमुद्रण करणारे, त्यांचा आवाज क्षीण झाला.

वेग वाढवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. ५ गिगाबिटची यूएसबी ३.० २००८ सालीच तयार होती. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या सुरुवातीला सर्फेस प्रोमध्ये पूर्ण आकाराचा यूएसबी ३.० पोर्ट दिला. टॅबलेटच्या जगात तो त्या काळी फारच पुढचा होता. सॅमसंगने २०१४ साली १२.२ इंची गॅलेक्सी नोट प्रोला मायक्रो-बी प्रकारचा यूएसबी ३.० पोर्ट दिला. तो जवळून पाहिलेल्यांना आठवेल: नेहमीच्या मायक्रो-यूएसबीला शेजारी पाच पिनांचा आणखी एक तुकडा चिकटवलेला रुंद प्लग. त्याच्या अर्ध्या भागात जुनी केबल बसायची आणि चालायचीही, पण जुन्याच वेगाने. मग रुंद केबल कोण सांभाळणार? त्याच वर्षीच्या गॅलेक्सी टॅब एसमध्ये सॅमसंग मुकाट्याने यूएसबी २.० वर परतली.

यूएसबी ३.० ची एक तांत्रिक अडचणही होती, जिची चर्चा फारशी होत नाही. तिच्या संकेतांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ साली एका टिपणात मांडलं होतं. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. अँटेना आणि पोर्ट काही सेंटिमीटरवर असलेल्या पातळ यंत्रात हा गोंगाट आवरायला चांगलं आवरण लागतं, जागा लागते, पैसे लागतात. स्वस्त टॅबलेटमध्ये त्यावर पहिली काट बसणार हे उघड आहे.

दरम्यान २०१२ साली ॲपलने ३० पिना सोडून लायटनिंग आणला. दोन्ही बाजूंनी बसणारा, आटोपशीर, मजबूत. वेग मात्र पुन्हा ४८० मेगाबिट. २०१५ सालच्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये लायटनिंगवर यूएसबी ३.० चा वेग आला खरा, पण तो मिळायचा कॅमेरा जोडायच्या वेगळ्या ॲडॅप्टरमधून.

टाइप-सीचं मानक ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकियाने एन१ टॅबलेट जाहीर केला. टाइप-सी असलेल्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी तो एक, आणि त्याच्या पोर्टाचा वेग होता यूएसबी २.०! आज लोक ज्या विसंगतीबद्दल तक्रार करतात ती टाइप-सीच्या पहिल्या टॅबलेटपासूनच आहे, कारण मानकातच तशी मुभा आहे.

टाइप-सीच्या २४ पिना मोजल्या की हे स्पष्ट होतं. चार पिना वीज नेतात, चार जमिनीच्या म्हणजे ग्राउंडच्या. दोन पिना प्लग कुठल्या बाजूने बसलाय आणि किती वीज द्यायची हे ठरवतात. दोन जादा कामांसाठी राखीव. चार पिना जुन्या यूएसबी २.० च्या जोडीसाठी. उरलेल्या आठ, म्हणजे चार जोड्या, वेगवान डेटासाठी. या आठ पिनांना मागे काहीही न जोडता पोर्ट बनवला तरी तो मानकाप्रमाणे टाइप-सीच. केबलचंही तेच. चार वेगवान जोड्या गाळल्या की केबल बारीक, लवचिक आणि स्वस्त होते, शिवाय ४ मीटरपर्यंत लांब ठेवता येते. १० गिगाबिटची साधी केबल मात्र १ मीटरच्या आसपासच ठेवावी लागते. २०२१ सालच्या एम१ चिपच्या आयपॅड प्रोला ४० गिगाबिटचा थंडरबोल्ट (टाइप-सीच्याच आकाराचा, पण जास्त वेगवान) पोर्ट आहे आणि डब्यात येणारी केबल मात्र ४८० मेगाबिटची. ती चार्जिंगची केबल आहे, असं नावातच लिहिलेलं असतं. पण भोकात बसतेय म्हटल्यावर डेटासाठीही तीच वापरली जाणार, यात वापरणाऱ्याचा काय दोष?

फरक किती पडतो? यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात (आठ बिटांचा एक बाइट, आणि काही भाग व्यवस्थेतच खर्च होतो). ६० गिगाबाइटचं चित्रीकरण उतरवायला अर्धा तास. ५ गिगाबिटच्या पोर्टावर सेकंदाला ४०० मेगाबाइट मिळाले तर अडीच मिनिटं. ‘मिळाले तर’ हे महत्त्वाचं, कारण आतली साठवण ईएमएमसी या स्वस्त प्रकारची असेल तर तीच वाचनाला ४०० च्या पुढे जात नाही आणि लिहिताना बरीच मागे राहते. सॉफ्टवेअरही साथ देणारं हवं. २०१८ सालच्या आयपॅड प्रोला १० गिगाबिटचा टाइप-सी पोर्ट मिळाला, पण बाहेरची डिस्क जोडून फाइल्स ॲपमध्ये उघडायची सोय आली ती २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये. मधलं जवळजवळ वर्षभर तो वेग या कामासाठी असून नसल्यासारखा होता.

नावांनी गोंधळ आणखी वाढवला. २००८ ची यूएसबी ३.० हीच २०१३ साली ‘३.१ जेन १’ झाली आणि २०१७ साली ‘३.२ जेन १’. वेग तिन्ही वेळा ५ गिगाबिटच. जाहिरातीत ‘यूएसबी ३.२’ एवढंच छापलं तर ते ५, १० की २० गिगाबिट, हे कळायला मार्ग नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात टाळता येण्याजोगा गोंधळ हाच.

मग कायदा आला. युरोपीय संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ६०२ विरुद्ध १३ मतांनी समान चार्जरचा निर्देश मंजूर केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायला येणाऱ्या टॅबलेटना टाइप-सी बंधनकारक झालं. प्लगच्या आकाराचा वाद तिथे संपला, आणि त्याबद्दल मला मनापासून समाधान आहे. पण हा कायदा चार्जिंगचा आहे. यंत्राला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात हे खोक्यावरच्या लेबलात दाखवणं त्याने सक्तीचं केलं. डेटाच्या वेगाबद्दल तशी कुठलीही अट घातली नाही. वॅटच्या आकड्याशेजारी गिगाबिटचा आकडा छापायला आणखी एक ओळ लागली असती.

यूएसबीची मानकं सांभाळणाऱ्या यूएसबी-आयएफने २०२२ सालीच खोक्यांसाठी आणि केबलींसाठी सरळ आकड्यांची चिन्हं आणली: ५, १०, २०, ४० गिगाबिट. वापरणाऱ्यांसाठी जेन १, जेन २ ही भाषा त्यात नाही. चिन्हं चांगली आहेत, पण ती ऐच्छिक आहेत आणि त्यासाठी प्रमाणीकरण करून घ्यावं लागतं. टॅबलेटच्या कडेवर तर पोर्टाशेजारी बहुतेकदा काहीच छापलेलं नसतं. त्यामुळे आज वेग शोधायचा तर कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या पानावर, अगदी खालच्या ओळींत. तिथे ‘टाइप-सी’ एवढाच उल्लेख असेल आणि पुढे आकडा नसेल, तर यूएसबी २.० गृहीत धरून चालावं.