कुलमुखत्यारपत्र: ‘कुल’ घराण्याचं नव्हे

आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) लिहून देणारा कागद म्हणजे कुलमुखत्यारपत्र; त्यातल्या ‘कुल’चा कुळाशी काही संबंध नाही. अरबी ‘कुल्ल’ म्हणजे सगळं. मिळकतीच्या वादात मात्र हा कागद ‘घरातलाच’ म्हणून न वाचता सही होतो.

१८८२चा मुखत्यारपत्र कायदा मोजक्या कलमांचा आहे. त्याचा कणा १८७२च्या करार कायद्यात. कलम २०१ प्रमाणे लिहून देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. इंग्लंडने १९८५ साली, भान गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय केली. आपल्याकडे ती नाही. त्यामुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांचा जुना कागद मुलगा चालवत राहतो, तेव्हा हेतू चांगला असला तरी पायाच ढासळलेला असतो. ‘हे मुखत्यारपत्र रद्द होणार नाही’ असं नुसतं लिहून उपयोग नसतो. त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच कलम २०२ प्रमाणे अधिकार काढून घेता येत नाही.

महाराष्ट्रात या कागदाला खरा भाव आला तो मुलींच्या हक्कामुळे. २२ जून १९९४ला राज्याने अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिक, म्हणजे जन्मतःच वाटेकरी केलं, ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेल्याही आल्या. बहिणीची सही टाळता येईना. हक्कसोडपत्र म्हटलं की ती सावध होते. ‘तलाठ्याकडे तुला फेऱ्या नकोत’ म्हटलं की होत नाही. मग वारसनोंद, वीजजोडणी, घरपट्टी यांच्या ओळीत ‘विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड’ हे शब्द बसवले जातात. मुद्रांकही स्वस्त: मोबदल्याशिवाय सख्ख्या भावाला दिलेल्या विक्रीच्या अधिकाराला ५०० रुपये, परक्याला दिला तर खरेदीखताइतका.

११ ऑक्टोबर २०११च्या सूरज लॅम्प निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. त्यावरून ‘मुखत्यारामार्फत विक्रीच होत नाही’ असा समज पसरला. तो चूक आहे. मालकाच्या वतीने मुखत्याराने करून दिलेलं नोंदणीकृत खरेदीखत आजही चालतं, आणि घरातली फसवणूक याच सरळ वाटेने होते.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवताना मुखत्यार एका घोषणापत्रावर सही करतो: लिहून देणारा हयात आहे, अधिकार रद्द झालेला नाही. खोटं निघालं तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२खाली सात वर्षांपर्यंत कैद. पण ही हमी देणारा कोण, तर ज्याच्यावर संशय घ्यायचा तोच! म्हणून वादात आधी दोन तारखा शेजारी ठेवायच्या: मृत्यूच्या दाखल्यावरची आणि सूची क्रमांक २ मधली (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यातली), दस्त करून दिल्याची.

हयातीतच अधिकार काढून घ्यायचा, तर नुसतं ‘रद्द केलं’ म्हणून भागत नाही. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे मुखत्याराला आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याला कळेपर्यंत रद्द होणं त्यांच्यापुरतं लागू होत नाही. त्यामुळे रद्दलेख नोंदवायचा, मुखत्याराला पोचपावतीसह टपालाने कळवायचं, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यायची, तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यायची. खरेदीखत आधीच झालं असेल, तर ते रद्द करण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. ‘कधी कळलं’ यावरच मग उलटतपासणी रंगते, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा ज्या दिवशी काढला त्या दिवसाची पावती फेकू नये.