ऊर्ध्व लागला म्हणजे नेमकं काय होतं?

अण्णांनी अन्न सोडलं त्या दिवशी एकादशी होती, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आळंदीची वारी कधी न चुकवणारा माणूस, उपास असेल असंच सगळ्यांना वाटलं. द्वादशीलाही जेवले नाहीत, तेव्हा आत्या पेजेची वाटी घेऊन बसली. "दादा, दोन घास तरी घे." पेज गालात तशीच राहिली.

कोथरूडला घरी येणाऱ्या नर्सताईंनी वाटी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "काका जेवत नाहीत म्हणून जात नाहीयेत. जायला निघालेत म्हणून जेवत नाहीयेत."

शरीरशास्त्र हेच सांगतं. शेवटच्या दिवसांत आतडी मंदावतात, अन्न पचवायची ताकद उरत नाही. चरबी जळून कीटोन तयार होतात आणि भूक बोथट होते. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाइनचं पाणी थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना पेलत नाही, मग ते पायांवर सुजेच्या रूपात दिसतं किंवा फुफ्फुसांत उतरतं. त्रास होतो तो मुख्यतः कोरड्या पडलेल्या तोंडाचा. त्याला उपाय म्हणजे ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ पुसत राहणं.

आत्या तेच करत होती, फक्त तुळशीच्या पानाने. अशा गोष्टींवर मी जन्मभर नाक मुरडलं. त्या दिवशी गप्प बसलो. (पूर्वजांना सगळं विज्ञान ठाऊक होतं, असं मी म्हणत नाहीये, कृपया व्हॉट्सअ‍ॅपवर तसं पुढे पाठवू नका.)

मग श्वास बदलला. आधी उथळ, मग खोल, आणखी खोल, पुन्हा उथळ, आणि मग काहीच नाही. मी घड्याळ लावून मोजलं. वीस सेकंद. पुन्हा सुरू. आत्या म्हणाली, "ऊर्ध्व लागला."

डब्लिनमध्ये काम करणाऱ्या जॉन चेन या डॉक्टरांनी हा श्वास १८१८ साली नोंदवला, विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये पुन्हा. तेव्हापासून पुस्तकात तो चेन-स्टोक्स श्वसन. त्यामागचं एक मोठं कारण समजायला आमच्या सोसायटीचा सोलर पुरेसा आहे. नळ सोडला की गरम पाणी गच्चीवरून खाली यायला वेळ लागतो. गार लागतं म्हणून आपण नळ आणखी फिरवतो, आणि मग एकदम चटका बसतो. घाईने उलटा फिरवला की पुन्हा गारठा. रक्तात कार्बन डायऑक्साइड किती आहे यावर मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र श्वास कमी-जास्त करतं. रक्ताभिसरण मंदावलं की ही बातमी त्याला उशिरा पोचते. तोवर श्वास गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. मग केंद्र थांबतं, वायू साठतो, पुन्हा धांदल.

रात्री घरघर लागली. ऐकवत नव्हतं. गिळण्याची क्रिया बंद पडल्यामुळे घशात साठलेली लाळ हवेबरोबर वाजते, एवढंच असतं ते. बहुतेकदा रुग्णाला त्याची जाणीव नसते, ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो. नर्सताईंनी शिकवल्याप्रमाणे आम्ही अण्णांना कुशीवर वळवलं. आवाज थोडा कमी झाला.

आत्या कानाशी "रामकृष्णहरी" म्हणत होती. मला २०२० सालचा एक अभ्यास आठवला. कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मरणासन्न माणसांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या होत्या. हाकेला ओ न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही सूर बदलला की निरोगी माणसासारखा प्रतिसाद देत होता. रुग्ण मोजकेच होते. आणि आवाज मेंदूपर्यंत पोचला म्हणजे अर्थ कळला, असं होत नाही. आत्याला यातलं काही सांगायची गरज नव्हती. तिला शंकाच नव्हती.

माझी पंचाईत वेगळी होती. नाम घ्यावं तर तोंडात बसेना. खोटं बोललेलं अण्णांना कधी खपलं नाही, आणि आता तर ते उत्तरही देणार नव्हते. श्वास थांबला. अठरा, एकोणीस, वीस. पुन्हा आला.

आत्या पाणी प्यायला उठली, तेव्हा मी तिच्या जागी बसलो. कानाशी वाकलो आणि म्हणालो, "अण्णा, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलंय मी."