टीएसएचचा आकडा आला कुठून?

सोलापुरात सकाळी कुठल्याही लॅबच्या बाकावर पाहा, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांत एकीला तरी ‘थायरॉईड निघालेला’ असतो. संध्याकाळी मोबाइलवर टीएसएचचा, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा येतो आणि त्यावरून पंचवीस मायक्रोग्रॅमची गोळी पन्नासची होते. पण या आकड्याशिवायही कितीतरी वर्षं थायरॉईडवर उपचार होत होते.

औषध आधी आलं, मोजमाप फार नंतर. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. ग्रंथी मंदावल्याने ती सुजली होती, बोलणंही जड झालं होतं. अर्काने ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १९१४ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ केंडॉल यांनी थायरॉक्सिन, म्हणजे ही ग्रंथी तयार करते ते आणि आजच्या गोळीत असतं ते संप्रेरक, वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयारही झालं. तरी डोस ठरायचा तो नाडी, वजन आणि डॉक्टरांच्या अंदाजावर. फार तर रुग्णाला उपाशी, निपचित झोपवून तो किती ऑक्सिजन घेतो ते मोजत. तापाने किंवा नुसत्या घाबरण्यानेही तो आकडा चढायचा.

कोडं सुटलं ते मधुमेहाच्या वाटेने. न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो इन्सुलिनचा अभ्यास करत होते. किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून रक्तातलं अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची रीत त्यांनी १९६० च्या सुमारास मांडली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले. त्यामुळे १९७७ चं नोबेल या जोडीपैकी फक्त यालोंना मिळालं. हीच रीत टीएसएचला लागू पडली. गिरणीत कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉईड कमी पडला की मेंदूच्या तळाची पीयूषिका जास्त टीएसएच सोडते. म्हणून वाढलेला टीएसएच म्हणजे मंद थायरॉईड.

आपल्याकडे सोलापूरचं वैद्यकीय महाविद्यालय आणि किरणोत्सारी द्रव्यं वापरून तपासणी-उपचार करणारं मुंबईतल्या परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, दोन्ही १९६३ ची. पण किरणोत्सारी तपासणीला वेगळं यंत्र आणि परवानगी लागे, ते गल्लीतल्या लॅबचं काम नव्हतं. किरणोत्साराशिवाय चालणाऱ्या एलायझासारख्या पद्धती आल्या, तेव्हा कुठे तपासणी जिल्ह्याच्या गावी पोचली.

तोवर सरकारचं लक्ष होतं आयोडीन कमी पडल्याने होणाऱ्या गलगंडावर. वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मग मीठ खाऊनही थायरॉईड का निघतो? हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, आणि तो बायकांत जास्त आढळतो. त्यावर मिठाचा इलाज चालत नाही.

आता गोष्ट गोळीची. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी बाई पहाटे उठल्या उठल्या चहा घेते आणि त्याच घोटाबरोबर गोळी. वर लोहाची किंवा कॅल्शियमचीही. गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच चढतो आणि डोस वाढतो. माझ्या मते डोस वाढवण्याआधी गोळी कशाबरोबर घेता, हे विचारायलाच हवं. ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहाला अर्धा-पाऊण तास थांबायचं, लोह-कॅल्शियम चार तासांनी. थायरॉक्सिनचा रक्तातला निम्मा अंश जायलाच आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत पुन्हा तपासलं तर पैसे फुकट जातात.