वाकडे दात वेगळे, किडके दात वेगळे: ब्रिटिशांवरच्या जोकमधली गल्लत

ब्रिटिशांचे दात म्हणजे भयंकर, हा जोक आपल्यापर्यंत अमेरिकन सिनेमे-मालिकांमधून आला. ऑस्टिन पॉवर्स या विनोदी सिनेमातल्या ब्रिटिश हेराचे पिवळे वेडेवाकडे दात बघून हसलो इथपर्यंत ठीक, पण लोक ते खरंच धरून चालतात आणि मला ते पटत नाही, कारण यात दात दिसतात कसे आणि दात निरोगी आहेत का या दोन गोष्टींची सरळसरळ गल्लत होते. वाकडा दात शंभर टक्के धडधाकट असू शकतो आणि चकचकीत कॅपच्या आत रूट कॅनाल झालेला दात असू शकतो.

डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या मोठ्या माणसांची तुलना आली होती, त्यात गेलेल्या दातांची सरासरी इंग्लंडमध्ये ६.९७ आणि अमेरिकेत ७.३१ निघाली. फरक छोटाच, पण जोक सांगतो त्याच्या बरोब्बर उलटा. शिवाय गरीब आणि श्रीमंतांच्या दातांमधली दरी अमेरिकेत जास्त मोठी होती, आणि मला तर हाच फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता एके काळी जोकमध्ये तथ्य होतं हेही खरं. १९६८ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के मोठ्या माणसांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता, सगळं कवळीवर. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे दात सुधारले, जोक मात्र तिथेच राहिला.

मग दिसण्यात फरक का? तिथे सरकारी सेवेचे, म्हणजे एनएचएसचे, पैसे गरजेला मिळतात, हौसेला नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना ब्रेसेस फुकट मिळू शकतात, पण आधी दातांची ठेवण बघून १ ते ५ अशी ग्रेड देतात, ४ किंवा ५ आली तर काम होतं, १-२ आली तर घरचे पैसे घाला. त्यामुळे थोडेसे पुढेमागे असलेले दात तसेच राहतात आणि त्याने कुणाचं काही अडतही नाही.

खर्चाचीही अशीच गल्लत होते, स्वस्त असणं आणि मिळणं या दोन गोष्टींची. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हा कवळीसुद्धा फुकट होती, मग १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं तेव्हा ही सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हनने मंत्रिपदच सोडलं. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये एनएचएसचे तीन दर होते: तपासणी २७.४० पाउंड, फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं वगैरे ७५.३०, आणि कॅप, ब्रिज, कवळी ३२६.७०. अमेरिकेत रूट कॅनाल आणि कॅपचं बिल सहज हजार-दोन हजार डॉलरच्या पुढे जातं, म्हाताऱ्या लोकांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यामध्ये साधी दातांची ट्रीटमेंट येत नाही, म्हणून कितीतरी जण सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसला जाऊन दात करून येतात.

पण इंग्लंडचा तो स्वस्त दर द्यायला डेंटिस्ट तर सापडला पाहिजे! एनएचएसने डेंटिस्टांशी केलेल्या २००६ च्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक फिलिंग करा नाहीतर चार, डेंटिस्टला पैसे तेवढेच, त्यामुळे जास्त खराब दातांचा पेशंट परवडेना आणि बरेच जण प्रायव्हेटकडे वळले. २०२२ मध्ये थोडी दुरुस्ती झाली पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एनएचएसचा दवाखाना उघडला तेव्हा एवढी रांग लागली की पोलिसांना यावं लागलं.

आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरण्यासाठीचे पैसे, भरला तरी दातांचे हे दर वेगळे द्यावेच लागतात, म्हणून जायच्या आधी इथेच दात दाखवून फिलिंग वगैरे उरकून घ्या.